चकचकीत बाजू वर

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आज सकाळी अकरा वाजून पस्तीस मिनिटांनी नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याने सात गिऱ्हाइकांसमोर माझा पाणउतारा केला. वेळ त्याच्याच भिंतीवरच्या घड्याळात बघितली आणि गिऱ्हाइकं मोजली, कारण हे पुढे लिहून द्यावं लागणार हे मला तेव्हाच कळलं.

"मॅडम, तुमच्या त्या कागदानं माझं मशीन मेलं," तो ओरडला. "मेलं! आतल्या रोलरला प्लास्टिक चिकटलंय. वास येतोय का बघा!"

वास येत होता, जळक्या बादलीसारखा. पण वास आला म्हणून वयस्क बाईशी वरच्या पट्टीत बोलायचं नसतं. मी म्हटलं, "मशीन तुमचं, कागद घालणारी तुमची बायको. उलटा घातला असेल तिने. मला काय दरडावता?"

त्यावर तो बायकोकडे वळला आणि माझा विषयच संपला. ती बाजूला उभी होती, हातात स्टेपलर, नजर खाली. ही माझी जुनी विद्यार्थिनी. शाळेत उत्तर येत असलं तरी तोंडातल्या तोंडात बोलायची, म्हणून वर्गाने तिचं नाव पुटपुटी ठेवलं होतं. वर्गाने नाही, मीच ठेवलं होतं. वर्गाने फक्त उचललं.

मी तडक घरी आले. या माणसाकडून लेखी माफी घेतल्याशिवाय मी राहणार नाही.

हे सगळं कशावरून, तेही लिहून ठेवते. आमच्या ह्यांना ऐकू कमी येतं. माझं बोलणं तर फारच कमी ऐकू येतं. डिसेंबरात मी दोनदा किल्ली विसरले आणि दोन्ही वेळा पिशव्या घेऊन जिन्यात बसून राहिले. बेल दाबून अंगठा दुखला. हे आत शब्दकोडं सोडवत होते. दुसऱ्या वेळी दार उघडून वर मलाच विचारतात, "अगं, बेल नाही का वाजवायची?" तेव्हा ठरवलं: बेल दाबली की ह्यांच्या टेबलावर दिवा लुकलुकला पाहिजे, आणि ते यंत्र मीच करणार. बाजारात मिळतं, ठाऊक आहे. पण एकतीस वर्षं फळ्यावर ट्रान्झिस्टर काढला आणि हातात एकदाही धरला नाही. शाळेत तो कपाटात कुलपात असायचा आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात.

सर्किटचा बोर्ड घरी करायची एक युक्ती आहे. तारांऐवजी तांब्याच्या वाटा लागतात, त्यांचं चित्र काळ्या पेनाने काढायचं. त्याची झेरॉक्स गुळगुळीत, चकचकीत कागदावर घ्यायची. झेरॉक्सची शाई ही शाई नसतेच, प्लास्टिकची काळी भुकटी असते, टोनर म्हणतात तिला. तो कागद तांब्याचा थर असलेल्या बोर्डावर पालथा घालून वरून कडक इस्त्री दाबली की टोनर वितळून तांब्याला धरतो. मग पाण्यात भिजवायचं, कागद चोळून काढायचा, नक्षी मागे राहते. शेवटी बोर्ड फेरिक क्लोराईडच्या पाण्यात हलवत बसायचं. उघडं तांबं विरघळतं, नक्षीखालचं वाचतं. इतकं सोपं.

कागद मात्र चकचकीतच हवा. मासिकाचं पान सर्वांत उत्तम. झेरॉक्सवाल्याच्या दुकानात पाटी आहे, "बाहेरचा कागद मशीनला लावला जाणार नाही." पण मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी तो सामान आणायला जातो आणि मशीनवर पुटपुटी असते. तिने मला तीन वेळा मासिकाची पानं घालून दिली. एकदाही नाही म्हणाली नाही. आज तो लवकर परतला, एवढंच.

आज मासिकं संपली होती म्हणून ह्यांच्या खणातला फोटो छापायचा कागद नेला. जाड, पांढराशुभ्र, उत्तम. पाकिटावर तसं काही विशेष लिहिलेलं नव्हतं.

बुधवार, १२ फेब्रुवारी

पत्राचा मसुदा केला. कॉन्व्हेंटात आम्हाला सिस्टरनी पत्रलेखन शिकवलं होतं: आधी तारीख, मग वेळ, मग तक्रार, शेवटी मुदत. मुदत नसलेला राग म्हणजे नुसता आवाज, असं त्या म्हणायच्या.

ह्यांना वाचायला दिलं. चष्मा कपाळावर, कागद नाकाला टेकवून वाचला.

"फार छान. झेरॉक्सला पाठवायचंय की सुप्रीम कोर्टात?"

"मस्करी नको. चूक आहे का काही?"

"'निर्दोष' दोनदा आलंय."

एक खोडायला घेतला आणि कुठला खोडावा हे ठरेना. पत्र राहिलं तसंच.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

बोर्ड तर पुरा करायलाच हवा. दंतवैद्याकडच्या बाकड्यावरची दोन मासिकं आणली. विचारून आणली. रिसेप्शनवरच्या बाईने मान हलवली असं मला वाटलं.

मग पुलापलीकडच्या दुकानात गेले. तिथला माणूस पान उलटसुलट करून बघत म्हणाला, "आजी, हा वितळत नाही ना? तिकडे नाक्यावर एकाचं मशीन बसलंय अशा कागदानं."

"मला कुठून माहीत असणार?" मी म्हटलं. "आणि आजी कोणाला म्हणता?"

झेरॉक्स उत्तम आली. पानाच्या मागे टूथपेस्टची जाहिरात, एक बाई बत्तीशी दाखवून हसत होती. चार मिनिटं इस्त्री दाबली, कोपऱ्यांवर टोकाने जोर दिला. अर्ध्या तासाने पाण्यात अंगठ्याने कागद चोळायला घेतला. बाईची बत्तीशी आधी गेली, मग डोळे, मग नुसता लगदा. नखांत भरलेला अजून निघाला नाही. खाली माझ्या वाटा काळ्याभोर उमटल्या होत्या. एक तेवढी तुटली होती, ती मार्करने जोडली.

पहिला बोर्ड जानेवारीत केला तो आरशातला निघाला होता. चिपचे आठही पाय भलत्या बाजूला. पालथं घातलं की डावं उजवं होतं, हे जगाला शिकवणाऱ्या बाईची ही गत! तो घेऊन दुकानात गेले तेव्हा पुटपुटी बराच वेळ बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "बाई, ट्रेसिंग पेपरवर काढा ना. मग तो उलटा करून मी झेरॉक्स घेते. आपोआप सरळ होईल." माझ्या डोक्यात आलंच असतं. दुसऱ्या दिवशी आलं असतं. "झाला की मला दाखवाल?" असंही म्हणाली होती. तांब्याच्या कडेवरून बोट फिरवत होती.

येताना नाक्यावरून आले नाही. लांबचा रस्ता घेतला. पायांना व्यायाम होतो.

रविवार, १६ फेब्रुवारी

आज बोर्ड फेरिक क्लोराईडमध्ये घातला. गॅलरीत, प्लास्टिकच्या डब्यात, हातात रबरी मोजे. काळपट तपकिरी पाणी, सांडलं की डाग जन्माचा. एक थेंब फरशीवर पडला आहे, त्यावर कुंडी सरकवली.

पंचवीस मिनिटं डबा हलवत बसले. तांबं कडेकडेने गुलाबी होतं, मग विरतं, मग खालचा पिवळसर बोर्ड दिसायला लागतो. शाळेत असताना ही रासायनिक क्रिया मी दोन ओळींत उरकायची. दोन ओळींत ती कंटाळवाणी असते.

हे दारात येऊन उभे राहिले. "माझं फोटोच्या कागदाचं पाकीट बघितलंस का? धाकट्याच्या लेकीचे फोटो छापायचे होते."

"नाही बघितलं."

"निळं होतं."

"नाही म्हटलं ना!"

"ओरडू नकोस, येतंय ऐकू," म्हणाले आणि गेले.

पाकीट शिवणयंत्राच्या खणात आहे. का ठेवलं तिथे, मलाही सांगता येणार नाही. दुपारी काढून बघितलं. पुढे फुलांचा फोटो आणि मागे बारीक अक्षरांत काहीतरी आहे. मंगळवारी ते माझ्या नजरेतून सुटलं असणार. चष्मा नव्हता.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

दंतवैद्याची मासिकं परत द्यायला गेले (एक पान कमी, कोणाला कळणार?) आणि रस्ता खोदलेला म्हणून नाक्यावरून यावंच लागलं. दुकान उघडं होतं. मशीन कोपऱ्यात, अंगावरचे पत्रे काढून ठेवलेले, उघडंवाघडं. दुसरं एक लहान मशीन टेबलावर आणि त्यावर झेरॉक्सवाल्याचा धाकटा भाऊ. एका कागदाच्या चार झेरॉक्स काढायला त्याने सहा कागद फुकट घालवले. मी मोजले.

"वहिनी कुठे?" मी विचारलं.

"घरीच. दादा म्हणाला, बायकांच्या हातात मशीन दिलं की असंच होणार. आता ती दुकानात नाही यायची."

"म्हणजे किती दिवस?"

त्याने खांदे उडवले. "कायमचंच की. आधीपासून तो नकोच म्हणत होता. हिचाच हट्ट, मला शिकायचंय, मला बसायचंय. चार वर्षं झाली. घ्या, बसा आता."

बाजूच्या फळीवर पुटपुटीचं बाइंडिंगचं सामान असायचं: दोरा, सुया, सरसाचा डबा, कापडाच्या पट्ट्या रंगांप्रमाणे लावलेल्या. फळी रिकामी होती. तिथे आता हेल्मेट होतं.

मी काही बोलले नाही. मी! रिक्षावाल्यांशी सुट्ट्या पैशांवरून तासभर भांडणारी मी तिथे एक शब्द बोलले नाही, दोन पेनं विकत घेतली आणि आले. पेनांची मला काही गरज नव्हती.

घरी येऊन पत्राचा तिसरा मसुदा केला. त्यात असं लिहिलं की, यंत्र बिघडल्याचं खापर पत्नीवर फोडणं हे आपल्याला शोभत नाही. वाचून बघितलं. खापर पहिलं कोणी फोडलं? उलटा घातला असेल, हे वाक्य कोणाचं?

फाडलं.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

झालं. बेल झाली.

काल दिवसभर हातड्रिलने भोकं पाडली, बावीस. एक मिलिमीटरची सुई, दोन मोडल्या. आज सोल्डरिंग. पहिले चार जोड शेंबड्या नाकासारखे, पाचव्यापासून चांगले, चमकदार. चिप बसवली, बटण जोडलं, बॅटरी लावली आणि दाराबाहेर जाऊन दाबलं. आतून ह्यांचा आवाज आला, "अगं, आलीस का? दार उघडतो!" पहिल्यांदा, चार वर्षांत पहिल्यांदा, एका दमात दार उघडलं. ह्यांनी बोर्ड तळहातावर घेतला. डोळे ओले झाले त्यांचे, म्हणाले कथिलाच्या धुराने. दिवसभर मला बाहेर पाठवत होते. "जा ना, परत ये ना." पाच वेळा जाऊन आले.

सहाव्यांदा मी बाहेर गेले आणि बटण दाबलंच नाही. जिन्यात बसले.

लिहून टाकते. इथे तरी लिहून टाकते.

चष्मा होता. नाकावरच होता.

त्या मंगळवारी, अकरा तारखेला, पुटपुटीने पाकीट हातात घेतलं, पुढून बघितलं, मागून बघितलं. मागे लाल चौकोन आहे आणि त्यात इंग्रजीत लिहिलंय, फक्त इंकजेट प्रिंटरसाठी, लेझर प्रिंटर किंवा कॉपियरमध्ये वापरू नये. मी ते घरीच वाचलं होतं. मला वाटलं, कंपन्यांच्या धमक्या असतात, दोन प्रकारचे कागद खपवायचे म्हणून. ज्याच्या इंटरनेटवरच्या व्हिडिओतून मी ही युक्ती शिकले, तो माणूस सर्रास असाच कागद घालत होता. आणि मला तो बोर्ड त्याच दिवशी हवा होता. कशासाठी? काही नाही. हवा होता.

तिने बोट त्या चौकोनावर ठेवलं आणि विचारलं, "बाई, हे इंग्रजीत काय लिहिलंय?"

मी म्हटलं, "चकचकीत बाजू वर ठेवा, असं लिहिलंय. घाल."

इतकं सहज आलं तोंडातून. एक क्षणही लागला नाही. आयुष्यभर मी लोकांच्या इंग्रजीच्या चुका काढल्या, बँकेच्या फॉर्ममधल्या, दुकानांच्या पाट्यांवरच्या. आणि ज्या एका वाक्याचा अर्थ कोणीतरी मला विश्वासाने विचारला, तो मी खोटा सांगितला. आणि पंधरावीस मिनिटांनी सात माणसांसमोर वर म्हटलं, उलटा घातला असेल तिने.

बेल उत्तम चालते आहे. मला तिचा दिवा बघवत नाही.

शनिवार, २२ फेब्रुवारी

सकाळी दहाला गेले. दुकानाच्या मागच्या बाजूने जिना आहे, वर दोन खोल्या. पुटपुटी जमिनीवर बसून कुणाचा तरी प्रबंध शिवत होती. मशीन गेलं तरी सुई आहे. मला बघून पदर सावरत उठली.

"बाई! तुम्ही कशाला जिना चढलात? बसा, पाणी देते."

"पाणी नको. एक विचारायचंय."

"विचारा," ती म्हणाली आणि पुन्हा बसली. "पहिल्या बाकापासून ना?"

वर्गात मी प्रश्न नेहमी पहिल्या बाकापासून विचारायची. हसत होती की टोचत होती, कळलं नाही. मी खुर्चीच्या कडेवर बसले. घरून वाक्यं जुळवून नेली होती, तीन परिच्छेद. एकही आठवेना.

"त्या पाकिटावर काय लिहिलं होतं, ते तुला मी सांगितलं. ते..."

"फक्त इंकजेटसाठी," ती म्हणाली. सुई थांबली नव्हती. "कॉपियरमध्ये वापरू नये. लाल चौकोनात होतं."

"तुला कोणी वाचून दाखवलं?"

"मला वाचता येतं बाई. मशीनचं पुस्तक सगळं इंग्रजीत आहे. चार वर्षं तेच वाचून तर चालवत होते."

"मग मला का विचारलंस?"

"तुमचं लक्ष गेलं नसेल असं वाटलं. मी बोट ठेवलं तर तुम्ही परत एकदा वाचाल."

बाहेर कोणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती चालू होईना. आम्ही दोघी ती चालू व्हायची वाट बघत बसलो.

"आणि तरी घातलास?"

"तुम्ही म्हणालात ना, घाल."

"नवऱ्याला का नाही सांगितलंस? माझं नाव घ्यायचंस!"

आता तिने सुई कापडात खोचली. इतकं सलग बोलताना मी तिला कधी ऐकलं नाही. शाळेतही नाही. शाळेत मी ऐकलं असतं की नाही, कोण जाणे.

"काय सांगू? बाईंनी खोटं सांगितलं? ते म्हणणार, तुला वाचता येत नव्हतं का? येत होतं म्हटलं तर मी मूर्ख, येत नव्हतं म्हटलं तर अडाणी. अडाणीच्या हातात मशीन कोण देणार आणि मूर्खाच्या तरी कोण देणार? त्यापेक्षा गप्प बरं."

"मी त्याला सांगते. आत्ता खाली जाऊन सांगते."

"नको."

"नको काय? मी..."

"बाई, नको म्हटलं ना." आवाज चढला नव्हता, पण मी खरंच थांबले. "तुम्ही खाली जाणार, तुमचं आणि त्यांचं भांडण होणार, सगळा नाका गोळा होणार. मी वर बसून ऐकणार. मला लिहून द्या. काय झालं ते, जसं झालं तसं. त्यांना नको, मला. कधी दाखवायचं, दाखवायचं की नाही, ते मी बघते."

मी मान हलवली. निघताना पिशवीतून बोर्ड काढून तिच्यापुढे धरला. बेलमधून सोडवून नेला होता. हे आज पुन्हा बहिरे.

तिने दोन्ही बाजूंनी बघितला, मार्करने जोडलेली वाट नेमकी ओळखली. "छान झालाय," म्हणाली. मग परत देताना म्हणाली, "एक सांगू? कागदाचं ठीक आहे. माणसाला हौस असते. पण उलटा घातला म्हणालात ना बाई, ते नको होतं. मी उलटा कधीच घातला नाही. तीन वेळा तुमचाच बरोबर घातला होता."

जिन्याला कठडा आहे हे बरं झालं.

सोमवार, २४ फेब्रुवारी

काल काही लिहिलं नाही. पाच कागद मात्र फाडले. तक्रार लिहिताना हात कसा धावतो! आणि "मी खोटं सांगितलं" ही तीन पदं लिहायची तर अक्षर पहिलीतल्या पोरीसारखं येतं. "माझ्याकडून अनवधानाने दिशाभूल झाली", हे मात्र सुरेख आलं, एका ओळीत, वेलांट्यांसकट. तेच पहिलं फाडलं.

शेवटी पाकीट खणातून काढलं आणि ह्यांच्या टेबलावर ठेवलं. ह्यांनी शब्दकोड्यातून मान वर केली नाही.

"सापडलं वाटतं."

"शिवणयंत्राच्या खणात होतं. मीच ठेवलं होतं."

"माहितीये. बटण शोधत होतो तेव्हाच दिसलं. गेल्या सोमवारी."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलशील म्हणून." पेन्सिल कानामागे लावली. "अगं, मला ऐकू कमी येतं. दिसतं व्यवस्थित."

मग मी सगळं सांगितलं. मोठ्याने सांगावं लागलं. अशी गोष्ट कुजबुजत सांगायची असते, आमच्याकडे ती सोय नाही. दोनदा "काय?" म्हणाले आणि दोन्ही वेळा नेमकं तेच वाक्य मला परत ओरडून म्हणावं लागलं. समोरच्यांच्या खिडकीचा पडदा हलला. हलू दे.

सगळं ऐकून म्हणाले, "लिही मग. पण नोटीस लिहू नकोस."

"मला दुसरं येत नाही."

"हो, तेही खरंच," म्हणाले आणि स्वतः उठून चहा केला. साखर दोनदा घातली होती. मी सगळा प्यायले.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

पत्र झालं. एक प्रत तिच्याकडे, दुसरी ही इथे उतरवून ठेवते, म्हणजे पुढे मला स्वतःलाच नाकारता यायचं नाही. ह्यांनी वाचून विचारलं, "यात माफी कुठल्या ओळीत आहे?" मी बोट ठेवून दाखवलं. म्हणाले, "मग ठीक."

*चि. ............, पुटपुटी हे नाव मी तुला ठेवलं होतं. ते यापुढे वापरणार नाही, म्हणून मायना कोरा ठेवला आहे. तुला आवडेल ते तिथे लिही.*

*मंगळवार, ११ फेब्रुवारी रोजी सकाळी सव्वाअकराच्या सुमारास मी तुझ्या दुकानात फोटो छापायचा कागद आणला. तो कॉपियरमध्ये वापरू नये असं पाकिटावर छापलेलं होतं. ते मी घरी, चष्मा लावून, वाचलं होतं. तू मला त्याचा अर्थ विचारलास. मी खोटं सांगितलं. तू नेहमीप्रमाणे, सरळ, बरोबर बाजूने कागद घातलास. मशीन माझ्यामुळे बिघडलं. त्यानंतर सात गिऱ्हाइकांसमोर मी म्हणाले की तू कागद उलटा घातला असशील. तेही खोटं होतं आणि ते खोटं आहे हे मला बोलतानाच माहीत होतं.*

*मला या दोन्हींची शरम वाटते. मी तुझी माफी मागते.*

*दुरुस्तीचा सगळा भार माझा आहे, त्यावर चर्चा नको. हे पत्र तुझं आहे. नवऱ्याला दाखव, दुकानात लाव, नाहीतर फाडून टाक. लावायचं ठरवलंस आणि मी समोर उभी असायला हवी असेन, तर वेळ कळव. त्या वेळी मी येईन आणि विचारल्याशिवाय बोलणार नाही.*

*एक काम मात्र तुझ्याकडून हवं आहे. हे पत्र हातात पेन घेऊन वाच. कुठे मी स्वतःला सांभाळून घेतलं असेल, काही गाळलं असेल, घडलं त्यापेक्षा बरं करून लिहिलं असेल, तर खाली रेघ मार आणि तिथे काय हवं होतं ते लिहून पत्र परत पाठव. मी नव्याने लिहून देईन. असं जितक्या वेळा लागेल तितक्या वेळा.*

*तुझं उत्तर मला शुक्रवार, २८ फेब्रुवारी, संध्याकाळी पाचच्या आत मिळालं पाहिजे. लेखी. तोंडी चालणार नाही. तोंडी सांगायला लागलीस की मी मध्येच बोलेन.*